लंडनच्या धुराला हद्द आखून देणारा जॉन एव्हलिन

शहराच्या नकाशावर एक रेषा आखायची आणि जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना त्या रेषेच्या आत बंदी करायची किंवा त्यांच्याकडून शुल्क घ्यायचे, या पद्धतीला 'कमी उत्सर्जन क्षेत्र' म्हणतात. स्टॉकहोम, गोथेनबर्ग आणि माल्मो या स्वीडनमधल्या शहरांनी १९९६ मध्ये जुन्या डिझेल ट्रक-बसगाड्यांसाठी ती सुरू केली. आज युरोपातल्या शेकडो शहरांत अशी क्षेत्रे आहेत. मात्र शहरातून धूर हद्दपार करण्यासाठी कोणते उद्योग किती मैल दूर न्यावेत, मधल्या जागेत काय लावावे आणि त्यासाठी कायदा कसा करावा, याचा सविस्तर आराखडा लंडनमध्ये १६६१ सालीच छापला गेला होता. तो लिहिणारा जॉन एव्हलिन डॉक्टर नव्हता की अधिकारी नव्हता. तो बागांचा षौकीन होता आणि आयुष्यभर रोजनिशी लिहीत होता. त्याचे बरेचसे म्हणणे बरोबर होते. एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून निसटली आणि तिची किंमत लंडनने तीनशे वर्षांनी मोजली.

बारूदवाल्यांच्या घरातला मुलगा

एव्हलिनचा जन्म ३१ ऑक्टोबर १६२० रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात वॉटन येथे झाला. घराणे श्रीमंत होते आणि ही श्रीमंती बंदुकीच्या दारूतून आली होती. आजोबा जॉर्ज एव्हलिन यांच्याकडे राजासाठी दारू तयार करण्याची मक्तेदारी होती. नातवाचे बालपण मात्र झाडे, ओढे आणि टेकड्यांच्या सोबतीने गेले. वॉटनची हिरवाई त्याच्या मनात कायमची रुजली.

ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात आणि लंडनच्या मिडल टेम्पल या कायद्याच्या संस्थेत तो शिकला. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. एव्हलिनचे मन राजाच्या बाजूने होते. तो सैन्यात दाखल व्हायला गेलाही, पण काही दिवसांतच परतला. १६४३ मध्ये त्याने देश सोडला आणि पुढची काही वर्षे फ्रान्स-इटलीत घालवली.

हा प्रवास म्हणजे त्याचे खरे शिक्षण होते. रोममधल्या बागा, कारंजी, सरळ रस्ते त्याने बारकाईने पाहिले. पादुआच्या विद्यापीठात त्याने शरीररचनेचे धडे घेतले. माणसाच्या शरीरातल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू सोडवून लाकडी फळ्यांवर पसरून चिकटवलेले नमुने त्याने तिथे विकत घेतले आणि इंग्लंडला आणले. ते पुढे त्याने रॉयल सोसायटीला दिले. आज ते लंडनमध्ये शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाच्या संग्रहात आहेत. आत घेतलेल्या हवेचा शरीराशी काय संबंध असतो, याचा विचार करणाऱ्या माणसाला ही पार्श्वभूमी उपयोगी पडणार होती.

पॅरिसमध्ये इंग्लंडचे राजदूत सर रिचर्ड ब्राउन यांच्या मुलीशी, मेरीशी, १६४७ मध्ये त्याचे लग्न झाले. १६५२ मध्ये तो मायदेशी परतला आणि लंडनच्या पूर्वेला, थेम्स नदीकाठच्या डेप्टफर्ड येथे सेज कोर्ट या सासरच्या वास्तूत राहू लागला. शेजारी राजाची जहाजबांधणीची गोदी होती. त्या ओसाड माळावर त्याने बाग उभी केली. तिथले चारशे फूट लांब आणि नऊ फूट उंच हॉलीचे कुंपण पुढे नावाजले गेले.

संसारात दुःखेही वाट्याला आली. १६५८ च्या जानेवारीत पाच वर्षांचा थोरला मुलगा रिचर्ड तापाने गेला. लहान वयातच लॅटिन वाचणारा हा मुलगा बापाचा जीव की प्राण होता. त्यानंतर काही आठवड्यांतच तान्हा जॉर्जही गेला. मेरी आणि जॉन यांना आठ मुले झाली. बापाच्या मृत्यूनंतर त्यातली एकच मुलगी हयात होती. या मृत्यूंचे खापर एव्हलिनने धुरावर फोडले नाही आणि तसा पुरावाही नाही. पण रोगराई, हवा आणि आयुष्य हे विषय त्याच्यासाठी केवळ पुस्तकी उरले नव्हते.

कोळशावर चालणारे शहर

त्या काळी लंडनची वस्ती चार लाखांच्या आसपास होती. आजूबाजूची जंगले तुटून लाकूड महागले होते, त्यामुळे शहर कोळशावर चालत होते. हा कोळसा उत्तरेकडच्या न्यूकॅसलहून जहाजाने येई, म्हणून लोक त्याला 'सागरी कोळसा' म्हणत. त्यात गंधक भरपूर. तो जळताना काजळी निघते आणि गंधकाचा वायूही निघतो. पाण्याचा अंश मिळाला की या वायूचे आम्ल बनते. ते दगड पोखरते, लोखंड गंजवते, पाने करपवते आणि श्वासनलिकेचा दाह करते. यातले रसायनशास्त्र १६६१ मध्ये कोणाला माहीत नव्हते. परिणाम मात्र सगळ्यांना दिसत होते.

तक्रारीही नव्या नव्हत्या. चुनाभट्ट्यांत सागरी कोळसा जाळण्यावर चौदाव्या शतकाच्या आरंभी राजा पहिला एडवर्ड याने बंदी घातली होती. ती टिकली नाही. लाकूड परवडत नसताना फर्मानाने कोळसा थांबणार तरी कसा?

१६६० मध्ये राजेशाही पुन्हा आली आणि दुसरा चार्ल्स गादीवर बसला. पुढच्याच वर्षी पोर्तुगालच्या राजकन्येशी त्याच्या विवाहाचा करार झाला आणि हुंड्यात मुंबई बेट इंग्रजांना देण्याचे ठरले. त्याच वर्षी एके दिवशी एव्हलिन व्हाइटहॉलच्या राजवाड्यात फेरफटका मारत असताना जवळच्या धुराड्यांतून आलेला धूर दालनांत शिरला आणि माणसांना एकमेकांचे चेहरे दिसेनासे झाले. राजाच्या दारात ही अवस्था, तर शहरात काय असेल? या प्रश्नातून त्याने एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ती राजाला व पार्लमेंटला अर्पण केली. तिचे नाव 'फ्यूमिफ्यूजियम'. धूर आणि पळवून लावणे या अर्थांच्या लॅटिन शब्दांवरून त्याने ते जुळवले होते.

पुस्तिकेत होते काय?

पहिल्या भागात त्याने नुकसान मांडले. धुराने इमारती काळवंडतात, चित्रे आणि पडदे खराब होतात, लोखंड खाल्ले जाते, फुलझाडे टिकत नाहीत. देवळातल्या प्रार्थनेच्या वेळी खोकण्या-खाकरण्याचा आवाज थांबत नाही. बाहेरगावाहून आलेल्या निरोगी माणसाला शहरात पाऊल टाकताच त्रास सुरू होतो. लंडनमधले जवळजवळ निम्मे मृत्यू क्षय आणि फुप्फुसाच्या विकारांनी होतात, असा त्याचा अंदाज होता. हा आकडा मोजणीतून आलेला नव्हता. पण पुढच्याच वर्षी, १६६२ मध्ये, जॉन ग्राँट याने लंडनच्या मृत्युनोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यानेही शहराच्या अनारोग्याचा संबंध कोळशाच्या धुराशी लावला. लोकसंख्येच्या आकडेवारीचा शास्त्रीय अभ्यास त्या पुस्तकापासून सुरू झाला, असे मानतात.

एव्हलिन नुसती तक्रार करून थांबला नाही. धूर कोणाचा, हे त्याने शोधायचा प्रयत्न केला. त्यासाठी दोन निरीक्षणे दिली. पहिले यादवी युद्धाच्या काळातले. न्यूकॅसलला वेढा पडला होता आणि लंडनला कोळसा मिळेनासा झाला होता. अनेक भट्ट्या थंडावल्या आणि त्या वर्षी स्ट्रँड आणि बार्बिकनसारख्या भर वस्तीतल्या बागांनाही फळांचा बहर आला. कोळसा पुन्हा येऊ लागल्यावर तसा बहर दिसला नाही. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडल्यावर भारतातल्या शहरांचे आकाश निवळले, हे अनेकांनी पाहिले. एव्हलिनचा तर्क याच जातीचा होता. उगम थांबला, परिणाम थांबला. म्हणजे दोघांचा संबंध आहे.

दुसरे निरीक्षण रविवारचे. त्या दिवशी उद्योगांच्या भट्ट्या विझलेल्या असत. घरोघरच्या चुली आणि शेकोट्या मात्र पेटलेल्याच असत. तरीही आकाश स्वच्छ दिसे. यावरून त्याने निष्कर्ष काढला की सगळ्या लंडनच्या घरगुती धुराड्यांपेक्षा एकदोन मोठ्या भट्ट्या हवा अधिक बिघडवतात. घरातली आग लहान, तिचा धूर वाऱ्याने पांगतो. खरे अपराधी म्हणजे मद्य गाळणारे, रंगारी, चुनाभट्टीवाले आणि मीठ व साबण आटवणारे.

मग आला उपाय. हे उद्योग कायदा करून लंडनपासून पाच-सहा मैल दूर, थेम्सच्या प्रवाहाच्या दिशेने खाली हलवावेत. ग्रीनिचच्या टेकाडापलीकडे, प्लमस्टेडच्या दलदलीच्या बाजूला ते असावेत, म्हणजे टेकाड आडोसा देईल आणि धूर शहराकडे येणार नाही. तिथला माल होडीने शहरात आणावा. त्यातून हजारो नावाड्यांना काम मिळेल. नदीकाठच्या मोकळ्या झालेल्या जागांवर चांगली घरे बांधता येतील. कत्तलखाने, चरबीच्या मेणबत्त्या करणारे आणि दफनभूमीही शहराबाहेर न्यावी. शेवटच्या भागात शहराभोवतीच्या सखल जमिनीवर जाई, हनिसकल, रानगुलाब अशा सुवासिक झाडांचे मळे आणि कुंपणे लावण्याची योजना होती. वाईट हवेचा उतारा चांगला वास, ही त्या काळची समजूत त्यामागे होती. सुगंधाने गंधकाचा वायू निष्प्रभ होत नाही. तरी शहर आणि कारखाने यांच्यामध्ये हिरवा पट्टा राखावा ही गोष्ट नगररचनाकार आजही सांगतात.

हद्द, हद्दीत चालणार नाहीत असे उद्योग, त्यांच्यासाठी पर्यायी जागा, वाहतुकीची व्यवस्था आणि हिरवा पट्टा, इतके सगळे त्यात होते. आजच्या भाषेत तो प्रदूषण नियंत्रणाचा प्रादेशिक आराखडाच होता.

राजा खूश, कायदा बेपत्ता

१६६१ च्या सप्टेंबरमध्ये एव्हलिनने पुस्तिका राजाला दिली. राजाला कल्पना आवडली. १ ऑक्टोबरला राजा आणि त्याचा भाऊ यांच्यात थेम्सवर ग्रीनिच ते ग्रेव्हसेंड अशी शिडाच्या नौकांची शर्यत झाली. एव्हलिन राजाच्या नौकेवर होता. त्या प्रवासात राजाने धुराचा विषय स्वतः काढला आणि पार्लमेंटपुढे ठेवण्यासाठी विधेयक तयार करायला सांगितले. १६६२ च्या जानेवारीत राणीचे वकील सर पीटर बॉल यांनी केलेला मसुदा एव्हलिनच्या हाती आला. त्रासदायक उद्योग शहराबाहेर हलवण्याची तरतूद त्यात होती.

यानंतर त्या विधेयकाचा माग लागत नाही. कायदा झाला नाही. एकही भट्टी हलली नाही.

त्याच १६६२ मध्ये पार्लमेंटने दुसरा एक कायदा मात्र तातडीने केला. घरातल्या प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग असा तो चूलकर. त्याचा उद्देश धूर कमी करणे हा नव्हता. राजाची तिजोरी भरणे हा होता. पुढे १६६६ च्या सप्टेंबरमध्ये महाआगीत लंडनचा मोठा भाग जळाला. आग विझल्यावर काही दिवसांतच एव्हलिनने नव्या शहराचा आराखडा राजापुढे ठेवला. रुंद रस्ते, मोकळे चौक आणि धूर करणारे उद्योग वस्तीपासून दूर, असा तो होता. शहर कोरी पाटी झाले होते, तेव्हा बदल करायला याहून चांगली वेळ नव्हती. पण जमिनींच्या मालकांना आपापल्या जागी, शक्य तितक्या लवकर घरे आणि दुकाने हवी होती. शहर बहुतांश जुन्याच आखणीवर उभे राहिले. त्यासाठी लागणारा पैसा लंडनला येणाऱ्या कोळशावर कर लावून उभारला गेला. सेंट पॉल कॅथीड्रलच्या बांधकामाचा मोठा खर्च याच करातून भागला. ज्या कोळशाच्या काजळीने ते कॅथीड्रल पुढे काळे पडले, त्याच कोळशाच्या पैशांतून ते उभे राहिले होते. सरकारचे उत्पन्न कोळशाशी असे जोडले गेल्यावर धूर कमी करण्याची घाई कोणाला असणार?

काम करत राहिलेला माणूस

धुराचा कायदा झाला नाही म्हणून एव्हलिन रुसून बसला नाही. रॉयल सोसायटीच्या पहिल्या सभासदांपैकी तो एक होता. जहाजांसाठी इमारती लाकूड कमी पडत असल्याने नौदलाने सोसायटीचा सल्ला मागितला, तेव्हा त्याने वृक्षलागवडीवर 'सिल्व्हा' हा ग्रंथ लिहिला. १६६४ मध्ये तो सोसायटीतर्फे प्रसिद्ध झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला.

डचांशी झालेल्या युद्धात आजारी व जखमी खलाशी आणि युद्धकैदी यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयुक्तांपैकी तो एक होता. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. एव्हलिनने बायकामुलांना वॉटनला पाठवले आणि स्वतः डेप्टफर्डला राहून खलाशांच्या औषधपाण्याची, जेवणाची सोय करत राहिला. म्हाताऱ्या व जायबंदी खलाशांसाठी ग्रीनिचला रुग्णालय बांधायचे ठरले, तेव्हा तो त्याचा खजिनदार झाला. १६९६ मध्ये वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन याच्यासोबत त्याने त्याची पायाभरणी केली. १६९९ मध्ये, जवळजवळ ऐंशीव्या वर्षी, त्याने हिरव्या भाज्या आणि कोशिंबिरींवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले.

त्याच्या लाडक्या बागेची कथा मात्र वाईट आहे. तो वॉटनला राहायला गेल्यावर सेज कोर्ट भाड्याने दिले गेले. १६९८ मध्ये जहाजबांधणी शिकण्यासाठी आलेला रशियाचा सम्राट पीटर तिथे काही महिने राहिला. सम्राट आणि त्याच्या मंडळींनी घराची आणि बागेची पार दुर्दशा करून टाकली.

रोजनिशीतली एक नोंद

एव्हलिनच्या विचारातला कच्चा दुवा त्याच्याच रोजनिशीत सापडतो. १६८४ चा हिवाळा कमालीचा कडक होता. थेम्स इतकी गोठली की तिच्यावर जत्रा भरली. २४ जानेवारीच्या नोंदीत तो लिहितो की थंडीमुळे धूर वर जाऊ शकत नाही, रस्त्याच्या पलीकडचे दिसत नाही आणि छाती भरून येऊन श्वास घेणे कठीण झाले आहे.

हे निरीक्षण शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. एरवी जमिनीलगतची हवा तापून वर जाते आणि धूरही सोबत नेते. कडाक्याच्या थंडीत, वारा पडलेला असताना जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवाही गार होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. भांड्यावर झाकण ठेवावे तसे होते. धूर त्याखाली कोंडतो. दिल्लीच्या हिवाळ्यात आज हेच घडते.

पण याच नोंदीत पुढे आणखी एक माहिती आहे. नळ गोठले होते, पाणी मिळत नव्हते आणि त्यामुळे मद्य गाळणाऱ्यांचे व इतर अनेक कारागिरांचे काम बंद पडले होते. म्हणजे १६६१ मध्ये ज्यांना एव्हलिनने मुख्य अपराधी ठरवले होते, त्यातल्या अनेकांच्या भट्ट्या त्या दिवसांत थंड होत्या. तरीही लंडन गुदमरत होते. मग तो धूर आला कुठून? मोठा वाटा घराघरातल्या शेकोट्यांचा असणार. थंडी जितकी कडक, तितक्या त्या जास्त पेटवल्या जात. एव्हलिनने दोन्ही गोष्टी नोंदवल्या, पण त्या नोंदीत एकमेकींशी जोडल्या नाहीत.

रविवारचे निरीक्षण चूक होते असे यावरून म्हणता येत नाही. वारा असेल त्या दिवशी लहान धुराड्यांचा धूर खरोखरच पांगत असेल. पण हवा कोंडली की लाखो लहान आगी मिळून एका मोठ्या भट्टीला मागे टाकतात. शिवाय चुनाभट्टी दुसऱ्याची असते आणि शेकोटी आपल्या दिवाणखान्यातली. भट्टीकडे बोट दाखवणे सोपे जाते.

२७ फेब्रुवारी १७०६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, एव्हलिनचे लंडनमध्ये निधन झाले. त्याला वॉटनच्या चर्चमध्ये दफन केले गेले. 'फ्यूमिफ्यूजियम' विस्मरणात गेले होते; ते १७७२ मध्ये पुन्हा छापले गेले, कारण तोवर धूर आणखी वाढला होता. रोजनिशी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याचे नाव घरोघरी पोहोचले.

घरची शेकोटी कायद्यात कधी आली?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये धुराविरुद्ध कायदे झाले. १८५३ मध्ये लंडनसाठी झालेला कायदा कारखान्यांच्या भट्ट्या आणि नदीतल्या आगबोटींना लागू होता. १८९१ च्या कायद्यानेही राहत्या घराचे धुराडे वगळले. मुंबईत १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा आला, त्याचाही रोख गिरण्या आणि कारखान्यांच्या धुराड्यांवर होता. एव्हलिनने घातलेली विभागणी अडीचशे वर्षे तशीच चालत राहिली.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर हवेचे झाकण बसले. आता शहर ऐंशी लाखांहून अधिक लोकांचे होते आणि थंडीमुळे घराघरात कोळसा पेटला होता. त्यात कारखाने, वीजकेंद्रे आणि गाड्यांच्या धुराची भर पडली. धूर आणि धुके मिसळून दाट पिवळट धुरके झाले. सुरुवातीच्या मोजणीत चार हजार जादा मृत्यू दिसले. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला.

१९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, तेव्हा घराच्या शेकोटीला पहिल्यांदा देशभर हात लागला. स्थानिक पालिकांना 'धूर नियंत्रण क्षेत्र' जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. त्या क्षेत्रात कोणत्याही धुराड्यातून, मग ते घराचे का असेना, धूर सोडणे हा गुन्हा ठरला. पण नुसती बंदी घातली नाही. शेगडी बदलून बिनधुराचे इंधन, गॅस किंवा वीज वापरण्यासाठी येणाऱ्या आवश्यक खर्चाचा दहातला सात वाटा सरकार आणि पालिका यांनी उचलला. क्षेत्रे एकेक करून जाहीर होत गेली आणि लोकांना तयारीला वेळ मिळाला. लंडनचे आकाश खऱ्या अर्थाने निवळू लागले ते त्यानंतर. एव्हलिनच्या मसुद्यात हद्द होती. ती पाळणाऱ्याच्या खिशाचा विचार १९५६ मध्ये झाला.

शेकोटीची जागा मोटारीने घेतली

आज लंडनमध्ये मोटारीची गत शेकोटीसारखीच आहे. एका गाडीचा धूर नगण्य असतो, पण लाखो गाड्यांचा मिळून नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. हे कण फुप्फुसात खोलवर जातात. त्यातले काही रक्तातही पोहोचतात. दम्यासोबत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका त्यामुळे वाढतो.

लंडनने २००८ मध्ये आधी जड डिझेल वाहनांसाठी कमी उत्सर्जन क्षेत्र केले. ८ एप्रिल २०१९ रोजी शहराच्या मध्यभागी 'अतिकमी उत्सर्जन क्षेत्र' सुरू झाले. साधारणपणे युरो ४ दर्जाखालच्या पेट्रोल गाड्या आणि युरो ६ दर्जाखालच्या डिझेल गाड्या यांना दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. कॅमेरे गाडीचा क्रमांक टिपतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये ही हद्द उत्तर आणि दक्षिणेच्या वर्तुळाकार रस्त्यांपर्यंत गेली. २९ ऑगस्ट २०२३ पासून ती बृहत् लंडनभर लागू झाली.

शेवटच्या विस्ताराला कडवा विरोध झाला. बाहेरच्या भागात बस आणि रेल्वे तुलनेने कमी, जुन्या गाडीवर पोट असणारे कारागीर जास्त. काही पालिका न्यायालयात गेल्या आणि हरल्या. विरोधकांची सगळीच ओरड राजकीय नव्हती. जुनी गाडी मोडून दुसरी घ्यायला पैसा कुठून आणायचा, हा खरा प्रश्न होता. त्या ऑगस्टमध्ये जुन्या गाडीच्या बदल्यात दोन हजार पौंडांपर्यंत मदतीची योजना सगळ्या लंडनकरांना खुली झाली. १९५६ मध्ये शेगडीसाठी जे केले, त्याच धर्तीचे हे पाऊल होते.

भारतातही हद्द आखून धूर रोखण्याचे उदाहरण आहे. ताजमहालाभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या संरक्षित क्षेत्रातल्या कोळसा आणि कोक जाळणाऱ्या उद्योगांनी नैसर्गिक वायू वापरावा, अन्यथा स्थलांतर करावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी दिला. कामगारांचे हक्क आणि स्थलांतराचा मोबदला यांचाही विचार त्यात होता.

पुणे, मुंबई, दिल्ली किंवा आणखी कुठे असे क्षेत्र आखायचे झाले, तर एव्हलिनच्या आयुष्यातून काही साधे प्रश्न हाती लागतात. धूर नेमका कोणाचा आहे हे मोजले आहे का, की दुसऱ्याच्या भट्टीकडे बोट दाखवले जात आहे? हिवाळ्यात हवा कोंडते तेव्हाचे मोजमाप वेगळे केले आहे का? हद्दीतून बाहेर काढलेला धूर कोणाच्या दारात जाणार आहे? ज्यांना बदलायचे आहे, त्यांना पैसा आणि मुदत मिळणार आहे का? आणि अंमलबजावणी कोण करणार?

हद्दीपलीकडच्या माणसांचा प्रश्न एव्हलिनच्या पुस्तिकेत फारसा नव्हता. धूर जिकडे पाठवायचा, ती प्लमस्टेडची बाजू त्या वेळी दलदलीची होती. पुढे तिथे दाट वस्ती झाली. २०२१ मधली लंडनची हद्द त्या वस्तीच्या अलीकडेच थांबली होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्लमस्टेडही स्वच्छ हवेच्या हद्दीच्या आत आले.